धाकट्याला विचारणे

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात स्टेपलरमध्ये अडकलेली पिन नखानं काढत होतो. साधा बुधवार होता. फोनवर वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे गेले." मी "हो" म्हणालो आणि आधी पिन काढून टाकली. (का, ते विचारू नका.)

दादाच्या गच्चीवर हवामानाचं यंत्र आहे. वारा, पाऊस, तापमान ते आपलं आपण नोंदतं. आकाश किती भरलंय, त्याचा शून्य ते आठमधला आकडा मात्र दादा रोज सकाळी सातला स्वतः दाबायचा. अकरा वर्षं खाडा नाही. दर रविवारी तो नोंदी संगणकात उतरवायचा, कारण यंत्रात पस्तीसच दिवस मावतात. छत्तिसावा उजाडला की सर्वांत जुना पुसला जातो. त्याचे शेवटचे सोमवार, मंगळवार, बुधवार यंत्रातच राहिले होते. त्याचा जुना संगणक त्याच्यामागोमाग बंद पडला. आणि हे सगळं वहिनीला त्याच्या वहीत सापडलं ते पस्तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी.

वहीत शेवटी लिहिलं होतं : 'अडचण आल्यास धाकट्याला विचारणे.'

धाकटा म्हणजे मी. दादाच्या घरी मी आयुष्यात एकच दुरुस्ती केली होती. सुटलेला प्लग परत खोचला होता, आणि त्यावर दोनदा चहा उकळला होता.

"मी करतो," मी म्हणालो.

"अहो, जमेल?" बायकोनं विचारलं.

"दादानं लिहून ठेवलंय!"

"ते मायेनं लिहिलंय, अनुभवानं नाही."

यंत्राच्या वायरीला नऊ पिनांचं तोंड, माझ्या लॅपटॉपला तसलं भोकच नाही. म्हणून दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणला. लावला. पडद्यावर पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह. काढला, फुंकला, पुन्हा लावला. असं चाळीसेक वेळा केल्यावर आमच्या ऑफिसातल्या संगणक-दुरुस्तीवाल्या बाईंना फोन केला. रविवार असूनही त्यांनी उचलला, हे उपकार मी विसरणार नाही.

"ड्रायव्हर टाकलात?"

"सगळ्यात नवा टाकला!" मी अभिमानानं म्हणालो.

"तिथंच चुकलात. नवा ड्रायव्हर अ‍ॅडॉप्टरातल्या जुन्या चिपला ओळख देत नाही. जुना टाका आणि लॅपटॉप बंद करून चालू करा."

केलं. त्रिकोण गेला! मी वहिनीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, तोच पडद्यावरचा बाण उधळला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, खिडक्या उघडतोय, मिटतोय. मी माउसवरचा हात वर केला, तरी थांबेना.

"वारा सुटलाय का हो गच्चीवर?" वहिनीनं विचारलं.

तेवढ्यात बाणानं मेलमधलं माझं अर्धवट पत्र उघडलं आणि मला काही सुचायच्या आत पाठवूनही दिलं. दुःखात धावून आलेल्यांचे आभार मानायचे म्हणून लिहायला घेतलं होतं. गेलं मात्र यादीतल्या दोनशे अकरा जणांना. शेवटचं वाक्य होतं, 'आपण त्या दिवशी जे केलंत ते'.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन. "अहो, मी तर आलोच नव्हतो. काय केलं मी?"

"काही नाही, साहेब."

"तेच म्हणतोय. उद्या येऊन जातो."

बाईंना पुन्हा फोन लावला. त्या हसल्या नाहीत, हे दुसरे उपकार. "वायर लावून चालू केलंत ना? यंत्र सारखं बोलत असतं. संगणकाला वाटतं, माउसच हलतोय. वायर काढा, पुन्हा चालू करा, मग लावा."

म्हणजे प्लग काढून परत खोचायचा. दादाला माझी विद्या बरोब्बर ठाऊक होती.

नोंदी उतरल्या. पस्तीसच्या पस्तीस दिवस. वहिनीनं पदरानं चष्मा पुसला आणि चहा टाकला. (या खेपेला मी मागितला नव्हता.)

"नीट आल्यात का, उघडून बघा," बाई म्हणाल्या.

"बघितल्या. छान आल्यात," मी म्हणालो.

ते खोटं होतं. त्या बुधवारी सकाळी सातला दादानं कोणता आकडा दाबला, ते मी अजून पाहिलेलं नाही.