हळदीचे ग्लास, कुंकवाचे ग्लास

आठ ग्लास, एकाच मापाचे.

हिंग. चिमूटभर, दिवाकरच्या मते अर्धा चमचा.

साइन-ऑन चार वाजता.

सुई काढलेली दहा मिलीची सिरिंज.

मंडळाच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, घरोघरी जाऊन हातातच द्यायची.

हळदी-कुंकवाची पितळी कोयरी, झाकण उघडं.

रविवारी दुपारी पावणेतीनपर्यंत या गोष्टींची एकमेकींशी ओळख नव्हती.

विपुलच्या घरी कॉकटेल पार्टी होती. पार्टी म्हणजे तो, त्याची बायको प्रणोती, तिचा धाकटा भाऊ सौमित्र आणि मित्र दिवाकर. नियम एकच: जे बाजारात मिळतं ते प्यायचं नाही, आपलं ड्रिंक आपण शोधून काढायचं. विपुलने जलजिऱ्यात सोडा ओतून ओटाभर फेस केला आणि त्याला इथल्या धबधब्याचं ‘धुआँधार’ हे नाव दिलं. ते पुसण्यात अर्धा तास गेला. मग दिवाकरने कैरीचं पन्हं, पुदिना आणि हिंग यांचं मिश्रण केलं. तो फॅक्टरीत मोजमापं तपासायच्या कामाला होता, त्यामुळे व्होडका तो सिरिंजने घालत होता. हिंगाचा मात्र त्याने डबा उपडा केला.

सौमित्र रेल्वेत असिस्टंट लोको पायलट होता. सात महिने झाले होते, अजून प्रोबेशन संपायचं होतं. इंजिनात चढण्याआधी त्याला मशीनमध्ये फुंकावं लागे. आकडा शून्य आला तर गाडी, नाही आला तर घर. आणि दोनलाच त्याला चारच्या साइन-ऑनचा, म्हणजे चारला ड्यूटीवर हजर व्हायचा, कॉल आला होता.

त्याच्यासाठी प्रणोतीने सोय केली होती. चार ग्लास व्होडकाचे, त्यांना बाहेरून कुंकवाचं बोट. चार नुसत्या पन्ह्याचे, त्यांना हळदीचं.

“चिठ्ठ्या चिकटवू ना,” विपुल म्हणाला होता.

“ओल्या काचेला चिकटतात काय? कुंकू चिकटते.”

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली आणि दीक्षितपुऱ्याहून विपुलच्या क्षमा मावशी पत्रिका घेऊन आल्या.

हॉलमध्ये बाटल्या होत्या. म्हणून विपुलने मावशींना थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि बाटल्या दिवाणाखाली सरकवायला धावला. ग्लासांचा ट्रे स्वयंपाकघरातच होता, हे त्याला दिवाणाखाली वाकल्यावर आठवलं. तो परत आला तेव्हा मावशी पदराला बोट पुसत होत्या. त्याने ट्रे उचलला आणि बाहेर आणला.

“मावशींनी हात लावला का?” प्रणोतीने हळूच विचारलं.

“नाही. सगळे भरलेले आहेत.”

दिवाकरने कुंकू बघून ग्लास घेतला. सौमित्रने हळद बघून घेतला आणि तहान लागल्यासारखा पाऊण रिकामा केला. दोघांचंही समाधान झालं. मग प्रणोतीने ट्रेकडे पाहिलं.

प्रत्येक ग्लासाला हळदही होती आणि कुंकूही.

ती स्वयंपाकघरात गेली. “मावशी, ग्लासांना काही केलंत का?”

“केलं ना. कोणाला नुसती हळद, कोणाला नुसतं कुंकू. असं अर्धं लावत असतात काय बेटा? पूर्ण करून टाकलं मी.”

सौमित्रने ग्लास टेबलावर ठेवला. तीन वाजायला सात मिनिटं होती.

“ताई, मी काय प्यायलो?”

“वास घे ना.”

“हिंगाचा येऊन राहिला. सगळ्यांनाच हिंगाचा येऊन राहिला.”

“हिंगाशिवाय ड्रिंक फ्लॅट लागतं यार,” दिवाकर म्हणाला.

“तू चाखून सांग,” विपुल त्याला म्हणाला.

दिवाकरने चाखलं. विचार केला. पुन्हा चाखलं. “देखो भैया, टॉलरन्सच्या आत आहे,” तो म्हणाला. तो बारापासून चाखत होता. विपुल आणि प्रणोतीही धुआँधारच्या वेळेपासून चाखत होते. सौमित्रने सकाळपासून पाणीच प्यायलं होतं, पण पाऊण ग्लास हिंगाने त्याचीही जीभ गेली होती. घरात कोरी जीभ आता एकच होती आणि ती स्वयंपाकघरात पाण्याची वाट बघत बसली होती.

“जीजाजी, मी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणू का?”

“कशाचं? हिंगाचं?”

“मावशींना सांगते मी,” प्रणोती म्हणाली.

“पागल झाली काय? संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळाला कळेल.”

“कळू दे. याची नोकरी जाईल, तेव्हाही कळणारच आहे ना.”

प्रणोतीने मावशींना बाहेर आणलं आणि एका दमात सगळं सांगितलं. व्होडका हा शब्द तिने तीनदा उच्चारला. तिन्ही वेळा विपुलने पंख्याकडे पाहिलं.

मावशी खुर्चीत नीट बसल्या. “मग काहून लपवून राहिले होते? आमचे हे, भय्यासाहेब, रिटायर होईस्तोवर रोज मीच ओतून द्यायची. मोजून दोन बोटं. आधी मीच चाखायची, त्या दुकानदाराचा भरवसा नव्हता. आण इकडे.”

सौमित्रने आपल्या ग्लासातला तळाचा घोट पुढे केला. मावशींनी डोळे मिटून तो तोंडात फिरवला. मग ट्रेमधल्या सहाही ग्लासांतून एकेक घोट घेतला, आणि दिवाकरच्या हातातलाही घेतला.

“ह्याच्यात आहे,” त्या दिवाकरच्या ग्लासाकडे बोट करून म्हणाल्या. “हे तीन, ह्यांच्यात आहे. ह्या तिघांत नाही.” मग त्यांनी सौमित्रचा ग्लास उलटा करून दाखवला. “ह्याच्यात काहीच नव्हतं. जा तू बिनधास्त.”

“पक्कं ना मावशी?”

“तीस वर्षं केलं रे हे काम. जा, गाडी लेट होईल.”

सौमित्र त्यांच्या पाया पडला आणि स्कूटी काढून गेला. चारला पाच कमी असताना प्रणोतीच्या फोनवर फोटो आला. मशीनवर तीन शून्यं होती. खाली लिहिलं होतं, ‘मावशींना सांग.’

मावशींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू कोणी वेळ सांगितली होती. दिवाकर त्यांना आर्जवाने विचारू लागला, की आमच्या फॅक्टरीत येता का, आमची यंत्रं इतकी अचूक नाहीत. विपुलने पुढच्या पार्टीलाही मावशींना बोलवायचं ठरवलं आणि मोठ्या भक्तिभावाने त्यांना ऑटोपर्यंत सोडून आला.

क्षमा मावशींना गुरुवारपासून कशाचाच वास येत नव्हता की चव लागत नव्हती. शनिवारी त्यांनी वरणात दोनदा मीठ घातलं होतं आणि भय्यासाहेबांनी सांगेपर्यंत ते त्यांना कळलं नव्हतं.