सरासरी मुक्काम

दिपालीच्या प्रोजेक्टचा विषय होता ‘पर्यटन उद्योग आणि त्याचा समाजावरील परिणाम’. समाज तिच्याकडे भरपूर होता. पर्यटक नव्हता. बेळगावच्या कॉलेजातून ती कणकुंबीला आत्याच्या घरी आली, दारावर ‘होम-स्टे’ अशी पाटी लावली आणि गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या बघत ओसरीवर बसली. गाड्या पुष्कळ जात. थांबत त्या पंक्चर झालेल्या.

“पर्यटक दाखव, परिणाम दाखव, मग सही,” असं भीमरत्न सरांनी सांगून ठेवलं होतं. “सोमवारी स्वतः येऊन बघणार. परिणाम नसेल, तर पुढच्या वर्षी नवा विषय.”

शनिवारी एक धडधाकट गाडी थांबली. पुण्याच्या टिळेकर नवरा-बायकोला एका रात्रीपुरती खोली हवी होती. दिपालीनं आत्याला, म्हणजे अक्काताईंना, आत नेऊन बजावलं, “आत्या, ही गिऱ्हाइकं हैत. पाव्हणं न्हवंत.”

“व्हय गं, कळतंय मला,” म्हणत अक्काताई पाहुण्यांना पाय धुवायला पाणी घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी टिळेकर म्हणाले, “निघतो आम्ही. गोव्यात हॉटेल बुक आहे.” आणि खुंटीवर हात नेला. गाडीची चावी नव्हती.

पिशव्या उलट्या झाल्या, गाद्या झटकल्या गेल्या. आदल्या संध्याकाळी आपण ओढ्यावर गेलो होतो, हे टिळेकरांना आठवलं आणि शेजारचा रवळू चार माणसं घेऊन ओढ्यात उतरला. गावातल्या भावकूनं विहिरीत पडलेल्या कळश्या काढायचा गळ आणला. टिळेकरांच्या बायकोनं गोव्याला फोन करून खोली रद्द केली. तोवर जेवायची वेळ झाली, म्हणून सगळे जेवले. जेवून टिळेकर गंभीर झाले.

“चोरीची तक्रार द्यावी लागेल.”

पर्यटनामुळे गावात गुन्हेगारी सुरू झाली, एवढा एकच परिणाम आता दिपालीला सरांना दाखवता येणार होता. रात्रीचा भात तरी घालावा म्हणून तिनं तांदळाच्या डब्यात हात घातला. हाताला चावी लागली.

“आत्या, हे काय?”

“पाव्हणं निघतो म्हणालं, म्हून ठेवली. तुझा बा निघाला की त्याचं पायताण लपवत न्हाय व्हय मी?”

“अगं, ते खरंच शोधायलेत!”

“नाटक करायलेत गं. पर झ्याक करत्यात. आमच्या जावयानं कधी गळ घालून शोधलं न्हाय.”

दिपालीनं मान खाली घालून चावी टिळेकरांसमोर धरली आणि कारण सांगितलं. त्यांनी चावीला चिकटलेले तांदूळ झटकले.

“म्हणजे, आम्ही जाऊ नये म्हणून?”

“व्हय.”

“आम्हाला मुलगासुद्धा राहा म्हणत नाही हो,” टिळेकर म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी चावी पुन्हा तांदळात खुपसली.

सोमवारी भीमरत्न सर स्कूटरवरून आले. “अर्ध्या तासाचं काम आहे,” म्हणून त्यांनी चावी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली. टिळेकर तिथंच तिसरी आंबोळी खात होते. त्यांनी सगळा प्रकार सांगितला, शिवाय पुढच्या आठवड्यात व्याही येणार असल्याचंही सांगितलं. व्याह्यांची चावीही लपवायची, अशी अट होती.

सरांनी चष्मा काढून पुसला. गोव्याला जाणारा पर्यटक बेळगाव भागात थांबवायचा कसा, यावर त्यांनी दोन परिसंवाद घेतले होते. दोन्हींत चहा चांगला होता.

“सरासरी मुक्काम दुप्पट,” ते पुटपुटले. “दिपाली, ही युक्ती कुठल्या पुस्तकात मिळाली?”

“पुस्तकात न्हाय सर. तांदळात.”

सरांनी सही केली. खाली ‘उत्कृष्ट’ असंही लिहिलं. मग “येतो” म्हणत उठले आणि कट्ट्याकडे वळले. कट्टा रिकामा होता. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

सरांनी काढलेली पेनाची टोपी शांतपणे बसवली आणि पाटावर बसून आत हाक दिली, “अक्काताई, आंबोळीबरोबर चटणी कुठली?”