मागच्या गेरची चढण

"कुणी खरं मानणार न्हाई साहेब, पण ही मोटार डोंगर चढली ती तोंड खाली करून!" शंकरप्पांनी निजामाच्या काळातल्या आपल्या मोटारीवर थाप मारली. बॉनेटातून दोन चिमण्या उडाल्या.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुष्काळ मात्र जुनाच चालत आला होता. टेकड्यांवरच्या वाड्यांना पाणी नेऊ शकतील अशा वाहनांची यादी करत कारकून शेषेराव उदगीरला आले होते. यादीत नाव लागलं तर ठीक, नाही तर मोटार उद्या भंगारात, असं दानम्मांनी नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं.

"पण दोन ड्रम पाणी घेऊन चढंल का?" शेषेरावांनी विचारलं.

"त्यातच तर गंमत हाय! वरच्या गेरात इंजिनाचे चार फेरे झाले की चाकाचा एक. पळायला जबरदस्त, चढावर मात्र बसकण मारते. खालच्यात दहाला एक. आन् मागं न्यायच्या गेरात पंधराला एक! सगळा जोर उलट्या गेरात."

शेषेरावांनी पेन्सिल कानावर खोचली. "म्हंजे पाठमोरीच चढवायची?"

"हाव! गेल्या उन्हाळ्यात वाडीच्या चढाला तशीच लावली. चाल अशी, की मुंगीला वाट द्यावी लागत होती. अर्ध्यात इंजिन धापा टाकाय लागलं. वाडीचा संगप्पा बैलजोडी घेऊन मदतीला धावला. बैल जुंपायचे ते गाडीच्या पुढं, जन्माची सवय. त्यानं मोटारीचं तोंड हुडकलं आन् तिथं दोर बांधला."

"अहो, पण तोंड तर खाली!"

"तेच की! इंजिन वर वढतंय, बैल खाली. मोटार जागची हलंना. बायांनी उभ्या मोटारीतूनच घागरी भरून घेतल्या. ड्रम हलके झाले तसा इंजिनाला चेव आला. बैलांसकट मोटार वर! बैल उलट्या पावलांनी डोंगर चढले, साहेब. वाडीनं त्यांनाच ओवाळलं!"

शेषेराव खूश झाले. त्यांनी वहीत लिहायला घेतलं, 'मोटार, एक.' शंकरप्पांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दानम्मांनी चहाच्या कपबश्या ठकाठक ओट्यावर ठेवल्या. "साफ खोटं! ड्रम धरून मागं मीच बसले होते. बैलांनी मोटार वढत खाली पार वढ्यात नेली. हे बिरेक दाबून राहिले आन् मी महादेवाचा धावा करून राहिले."

शेषेरावांची पेन्सिल थांबली. "मग पाणी वाडीला कसं पोचलं, आक्का?"

"संगप्पानं ड्रम बैलगाडीत घातले आन् नेले. हे वढ्यात मोटारीला समजावत बसले."

शेषेरावांनी 'मोटार' या शब्दावर आडवी रेघ मारली, चहाचा एक घोट घेतला आणि पुन्हा पेन्सिल टेकवली.

"आक्का, त्या संगप्पाचं पूर्ण नाव सांगा. बैल सरळ चढतेत न्हवं?"