बिजलीचं डोहाळजेवण

आमच्या पणजोबांनी शिंद्यांच्या फौजेत चारशे घोडे सांभाळले. मग त्यांच्या पणतूला दोन-दोन किलोचे दोन पॉमेरेनियन जड जाणार होते की काय? मी घरात जाहीर करून टाकलं, "वर्षभरात ग्वाल्हेरच्या प्रत्येक सोफ्यावर माझ्याकडचं पिल्लू बसलेलं दिसेल!"

गावातल्याच हजीरा भागातल्या एका माणसाकडून जोडी आणली. नर सिकंदर, मादी बिजली. दोघांच्या अंगावर केस इतके, की तोंड कुठल्या बाजूला आहे हे भुंकल्यावरच कळायचं!

बिजली पाय वर करून लघवी करायची. माझी मुलगी निधी अकरावीत आहे. ती म्हणाली, "पापा, फीमेल ऐसे थोड़ी करती है!"

"अगं, उच्च कुळातली आहे! तिच्या सवयी वेगळ्याच असणार!"

काही महिन्यांनी बिजलीचं पोट सुटलं. आईनं, म्हणजे विजयाबाईंनी, तिच्यावरून हात फिरवला आणि ओरडली, "समरजीत! अरे, हिला दिवस गेलेत!"

मी आनंदानं पलंगावरच उडी मारली. निधी म्हणाली, "एकदा डॉक्टरला दाखवूया ना."

"पाच बाळंतपणं केलीत मी!" आई गरजली. "डॉक्टर मला काय शिकवणार?"

मग काय! सकाळी शिरा, दुपारी डिंकाचा लाडू, संध्याकाळी परत शिरा. पोट भोपळ्यासारखं वाढू लागलं. आईनं चक्क डोहाळजेवण घातलं! आमच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या अकरा बायका येऊन गाणी म्हणून गेल्या. शेजारच्या संभाजीरावकाकांनी तर जागच्या जागी दोन पिल्लं सांगून ठेवली.

त्याच रविवारी मेळ्याच्या मैदानावर श्वान-प्रदर्शन होतं. मी विचार केला, बिजलीच विजेती ठरली तर तिच्या पिल्लांचा केवढा रुबाब! लगेच फॉर्म भरला.

आमचा नंबर आला. बिजलीला टेबलावर उभं केलं. परीक्षकांनी पोटाखाली हात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पेट से है क्या? ऐसी हालत में रिंग में क्यों लाए?"

"साडेसहा आठवडे झाले, सर!" मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी शेपटी उचलली, केस बाजूला सारले आणि नीट पाहिलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बधाई हो! लड़का है।"

"झालं?" मी किंचाळलो. "पिल्लू झालं?"

"नहीं भाईसाहब। ये ख़ुद।"

सगळा मंडप हसायला लागला! पण शिपाईगड्याची औलाद हार मानते होय? मी ओरडलो, "निधी, सिकंदरला आण! तोच मादी असणार!"

निधीनं तोंडावर ओढणी घेऊन सिकंदरला आणलं. तोही टेबलावर चढला. सगळा मंडप माना उंचावून पाहू लागला. परीक्षकांनी केस बाजूला केले, माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि नुसतीच नकारार्थी मान हलवली.

निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी मात्र आयोजकांनी 'प्रेक्षकांची पसंती' म्हणून एक चषक जाहीर केला. बिजली शेपटी हलवत पुढे धावली, पण माइकवरून पुकारलेलं नाव माझं होतं!

तो चषक आईनं दिवाणखान्यात अगदी मधोमध ठेवलाय. येईल त्या पाहुण्याला अभिमानानं सांगते, "आमच्या समरजीतला कुत्र्यांच्या प्रदर्शनात मिळाला!"