पुस्तकातलं घर

भुजंगमामांनी स्वतः जाऊन वायरमनला बोलावून आणलं आणि घराची चांगली चालू असलेली लाइट तोडायला लावली. वायरमन चक्रावला. मामा म्हणाले, "पुस्तकात कंदील हाय."

हे झरीजवळच्या एका गावातलं, कादंबरीकाराचं घर. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं. दादा शिकायला म्हणून बाहेर पडले ते तिकडचेच झाले, आणि आपल्या बालपणावर एक कादंबरी लिहून नाव कमावून गेले. ते वारल्यावर गावानं त्यांचं माळवदाचं घर होतं तसं जपायचं ठरवलं. किल्ली मामांकडं आली. मी तिथल्या शाळेवर मास्तर होतो, शेजारच्याच खोलीत राहायचो.

कादंबरीत अंगणात शेवगा होता. घरी कधीच नव्हता, दादांनी तो मनानंच लावलेला. मामांनी खरा लावला. कादंबरीत दाराशी काळी शेळी होती. मामा जिंतूरच्या बाजारातून पांढरी घेऊन आले, आणि सहलीच्या पोरांना सांगू लागले, "ही त्या शेळीची चुलती समजा." मी एकदा बसायला खुर्ची मागितली, तर म्हणाले, "पुस्तकात खुर्ची हाय का, मास्तर?" मी गुमान खाली बसलो.

चुलीजवळच्या कोपऱ्यात ते पाहुण्यांना थांबवायचे. "आई गेली तवा ते एकटं लेकरू इथं बसून रडलं." बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मामा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मी इथला वॉचमन."

मी बाहेरगावचा, मीही तेच धरून चाललो होतो. एका दिवाळीत विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून बंद चालला होता, एसट्या थांबल्या, आणि मी गावातच अडकलो. भाऊबीजेला दुपारी मी मामांजवळ बसलो असताना दादांच्या घराच्या दारात बैलगाडी थांबली. एक म्हातारी उतरली, तिनं मामांना पाटावर बसवलं आणि ओवाळलं.

"धाकट्या, लय वाळलास रे."

"आक्का, मास्तर बसलेत," मामा पुटपुटले.

"बसू दे की. दादानं लिवलं न्हाई म्हणून मी काय तुमची बहीण न्हाई?"

मामा दादांचे सख्खे धाकटे भाऊ निघाले. कादंबरीतल्या पोराला ना भाऊ, ना बहीण.

आक्का गेल्यावर मी विचारलं, "मामा, लोकांना सांगत का नाही?"

त्यांनी आक्कानं आणलेल्या करंज्या माझ्यापुढं सरकवल्या. "ते लेकरू एकटं हाय म्हणून लोकं रडतेत, मास्तर. भाऊ हाय, बहीण हाय म्हणलं तर कोण रडंल?"

"पण तुम्हाला वाईट नाही वाटत?"

मामांनी पाट उचलून भिंतीला लावला. मग म्हणाले, "लिवताना मी आडवा येत असंल. लहानपणी बी यायचोच."

त्याच हिवाळ्यात सेलूहून एक बाई आल्या, तेव्हा मी तिथंच होतो. कादंबरी त्यांना जवळजवळ पाठ होती. कोपऱ्यापाशी त्या खालीच बसल्या. "एवढंसं पोर. जवळ कुणीच कसं नव्हतं हो?"

मामा बाहेर जायला निघाले होते. ते उंबऱ्याशी थांबले.

"व्हतं एक," ते म्हणाले. "लय लहान व्हतं. आई गेल्यावर रातभर कुडकुडायचं. घरात वाकळ एकच, ती बी आखूड. दादा ती त्याच्या अंगावर टाकायचा अन् सोता पोत्यावर निजायचा."

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"कुठं असतं हो ते आता?" बाईंनी विचारलं.

"हाय. इथंच असतंय," मामा म्हणाले, आणि पाठमोरे होऊन खिडकी लावत बसले. बाहेर वारा मुळीच नव्हता.