देठ छाटलेल्या काकड्या

आमच्या शेजारच्या मळ्यातली काकडी अख्खी कधीच मिळत नाही. देठाकडचा तुकडा आधीच कुणीतरी खाल्लेला असतो. हे कुणीतरी म्हणजे खुद्द मळ्याचे मालक, मन्मथआप्पा. चाकूरच्या बाजारात बायका काकडी उचलून आधी देठ बघतात. छाटलेला असला की आप्पाची, घ्यायची बिनघोर.

उन्हाळ्यात काकडी कडू निघते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. ऊन कडक लागलं, पाण्याचा ताण बसला की एकाच वेलावरची एक गोड, तर दुसरी जिभेवर ठेववत नाही. बाकीचे लोक ते गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडतात. आप्पा सोडत नाहीत. तोडणी झाली की कडुलिंबाखाली पोतं टाकून बसतात, देठाची चकती कापतात, डोळे मिटून चावतात आणि निकाल देतात. "पास!" नाहीतर, "ढोराला!" की गेली ती म्हशीच्या पुढ्यात. त्यावर अपील नाही. दोडका, दुधी हेही कच्चेच चाखतात. वांगं मात्र तुरीच्या तुराट्यांवर भाजून. लातूरहून गाडी घेऊन आलेली माणसं घाम पुसत उभी असतात. "आप्पा, जरा लवकर करा की." तर म्हणतात, "वांगं भाजून राहिलंय. त्यालाच सांगा लवकर म्हणून."

मळ्यात खताची गोणी नाही की फवारणीचा पंप नाही. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून आंबवलेलं एक पिंप तेवढं आहे, आणि ते नेमकं आमच्या बांधाला लागून. आमच्याकडं उन्हाळ्यात पाहुणे टिकत नाहीत, त्याचं पुण्य त्या पिंपाचं! कोथिंबिरीवर सावलीला माझी जुनी लुगडी ताणलेली असतात. मी दिली ती फाटकी म्हणून. आता रोज सकाळी माझी हिरवी इरकल वाऱ्यावर फडफडताना बघून जीव हळहळतो, ते सोडा.

आप्पांच्या जिभेचा दरारा असा, की भाचीच्या लग्नात पंगतीतून उठले आणि सरळ आचाऱ्याकडं गेले. "हे वांगं युरियावर वाढलंय. काईच चव न्हाई." नवरदेवाचा बाप वाढायला निघाला होता, तो भाजीची बादली घेऊन तसाच उभा. आप्पांनी त्याला हात जोडले, "शरणार्थ, पाव्हणं. तुमच्यात काई खोट न्हाई. खोट वांग्यात हाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा पुण्यात. स्वयंपाक आप्पा स्वतः करतात, लिंबाखाली, तीन दगडांच्या चुलीवर. दोडक्याच्या सालीची चटणी, कैरी घातलेली चिघळाची भाजी, शेवग्याची आमटी, मडक्यात ज्वारीची आंबील. वास बांध ओलांडून येतो. पण इतक्या वर्षांत कुणाला घासभर दिलं असेल तर शपथ. "चाखनं हे काम हाय वैनी, जेवण न्हवं," असं म्हणून पाठ फिरवून जेवायचे.

आणि या उन्हाळ्यात काय झालं कोण जाणे, हा माणूस येईल त्याला जेवू घालायला लागला.

दूधवाला आला, बसवला. तारा ओढायला वायरमन आला, बसवला. आमचे मालक सकाळी बैल सोडायला गेले की पोटभर आंबील पिऊन येणार आणि माझ्या भाकरीकडं बघून म्हणणार, "ठेव झाकून." मी कंबर कसून भांडायला गेले, तर मलाच ताट वाढलं. वर काकडीच्या चकत्या. मी चकती चावली की आप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडं टक लावून बघणार. मी म्हटलं, "आप्पा, नजर लावता का काय घासाला?" तर म्हणाले, "खावा, खावा."

एकदा आंबील एवढी खारट, की माझे डोळे बारीक झाले. आप्पांनी अजून तोंडाला वाटी लावली नव्हती, तरी लगेच म्हणाले, "मीठ जरा हाताबाहेर गेलं, न्हाई का?" मला वाटलं, काय जाणकार माणूस! न खाता कळतं. गावात सगळे म्हणायला लागले, आप्पा वयानं मवाळ झाले.

मग गावात एक लग्न आलं. सगळं गाव सकाळपासून मांडवात. मळ्यावर जेवायला चिटपाखरू फिरकलं नाही, आणि संध्याकाळी चाकूरच्या शाळेतल्या एक मॅडम नेहमीसारख्या काकडी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून परत आल्या, पिशवी आपटली.

"आप्पा, कोशिंबीर फेकून दिली सगळी! कडूजहर काकडी."

मी तिथंच भेंडी निवडत होते. आप्पा ताठ झाले. "माझ्या मळ्यातली? देठ छाटलाय का बघा."

"छाटलाय म्हणूनच विश्वासानं चिरली ना!"

आप्पांनी पिशवीतली काकडी घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी कराकरा खाल्ली. भुवई हालली नाही. "साखर हाय की, मॅडम."

"चेष्टा करता का?" मॅडम लाल झाल्या. मी उरलेली अर्धी घेतली. एकच चावा, आणि मी लुगड्याच्या पदरात थू थू केलं. कडू म्हणजे किती, घशापर्यंत सरसरत गेलं.

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मला एकदम सगळं कळलं.

ते उठले. मॅडमच्या पिशवीत दोडके भरले, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. "चूक झाली माझी," एवढंच म्हणाले. मॅडम गेल्यावर त्या दिवशीची सगळी पाटी, पास झालेली, न झालेली, म्हशीपुढं उलथी केली.

"कधीपासून, आप्पा?"

"फागणात ताप आला व्हता न्हाई का? तवापसून." ते चुलीतली राख काडीनं उकरत बसले. "मिरची खाल्ली तर डोळ्याला पानी येतंय, पर तिखट लागंना. गूळ खावा तर माती. वास बी न्हाई. त्या पिंपाचा सुदीक."

"मग बोलायचं नाही का?"

"कुनाला बोलू? पोराला बोललो तर म्हनंल, बास झाला मळा, चला पुन्याला. गिऱ्हाइकाला बोलू, की आप्पाची जबान गेली, आता देवाचं नाव घिऊन काकडी खावा? म्हनून तुमच्या समद्यांच्या तोंडावर बघून पास-नापास करून राहिलो. काल जेवाया कुनीच आलं न्हाई, तर वाटलं, येवढ्या वर्सांचा हात हाय, हाताला कळंल." काडी राखेत टाकून म्हणाले, "न्हाई कळलं. आता काकडी बंद."

"बंद कशाला? मी येते रोज. मी चाखते."

"तुमी?" त्यांनी मान वर केली. "वैनी, तुमी च्यात साखर घालता का साखरंत च्या? तुमच्या जिभंचा काय भरोसा?"

म्हटलं, चला, भांडायला लागले म्हणजे हे बुडणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले. पाणी नुकतंच सोडलं होतं, वेलांची आळी ओली होती. पाटी भरून तयार होती, पण आप्पांनी सुरी अजून हातात घेतली नव्हती. मी बसल्यावर घेतली. चकती कापून माझ्या हातावर ठेवली. मी चावली.

"चांगली आहे," मी म्हटलं.

"चांगली म्हंजे कशी?"

आता काकडी कशी लागते, हे आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं. मी दुसरी चकती घेतली. म्हटलं, "आधी नुसतं गार लागतं, आप्पा. नव्या माठातलं पाणी असतं ना, तसं. मग सालीपाशी थोडं तुरट, कोवळ्या गवताची काडी चावावी तसं. आणि गिळून झालं की मागून गोडसर येतं, हळूच, कच्च्या शेंगदाण्यासारखं."

आप्पांनी डोळे मिटले होते. तोंडात काही नव्हतं, तरी त्यांचा जबडा सावकाश हालत होता.

"हं," ते म्हणाले. "आनिक सांगा, वैनी."