गुण्याकाकांनी भिंत साफ केली

"चौकटी केवढ्या आखणार आहेस?" गुण्याकाकांनी पहिल्याच घासाला विचारले.

"बघू उद्या, बाबा," मुलगी म्हणाली आणि ताटात मान घालून जेवू लागली.

"बघू म्हणजे? लहान चित्र मोठ्या भिंतीवर न्यायचं तर आधी चौकटी हव्यात. त्याशिवाय नाक कुठे नि कान कुठे!"

"अहो, जेवू द्या की पोरीला!" काकू म्हणाल्या. "तीन महिन्यांनी घरी आलीय, आणि तुमची परीक्षा सुरू."

गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे सुताराचे हत्यार. काकांनी सारी नोकरी कारखान्याच्या आरेखन विभागात केली. टेबल असो, सही असो की माणसाचे बोलणे, नव्वद अंशांतून जराही ढळले की त्यांना खटकत असे. म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवले. आधी ते पाठीमागे चालत असे, निवृत्तीनंतर तोंडावरही चालू लागले. मुलगी मात्र भिंती रंगवीत गावोगाव फिरे. आज एखादी शाळा, उद्या एखाद्या वस्तीतला पूल. घरी येण्यासाठीही तिला भिंतच लागे. या खेपेस गल्लीच्या टोकाच्या शाळेने ती पुरवली होती. भिंत संपली की मुलगी निघणार, हे ठरलेले होते.

अंथरुणावर पडल्यापडल्या काकांनी हिशेब मांडला. चौकटी आखण्यात तिचा एक दिवस जाणार. त्या आपण आखून ठेवल्या, तर तो दिवस वाचेल आणि वाचलेला दिवस ती घरी काढील. गच्चीत खुर्च्या टाकून बसता येईल. काय बोलायचे ते त्यांना सुचले नाही. पण खुर्च्या कुठे ठेवायच्या, हे त्यांनी नक्की केले.

सकाळी मुलगी वाचनालयात मुलांना रंग कालवायला शिकवायला गेली. काका दोरी, ओळंबा आणि खडू घेऊन शाळेत पोहोचले, आणि भिंत पाहून जागीच थबकले. भिंतभर काळ्या रंगाची गिचमिड होती! वाकडे बाण, एक डोळा, उलटा मासा, कशाशी काही संबंध नसलेले आकडे आणि कोपऱ्यात एक मिशी.

मुख्याध्यापिका तिथेच कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "बघितलंत का काका? काल दुपारपर्यंत भिंत कशी स्वच्छ होती! कोण मेले हे उपद्व्यापी?"

"माझी मुलगी संध्याकाळी इथे चित्र काढणार आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "तिच्या दृष्टीस हे पडता कामा नये."

शाळेच्या कोठीत पांढऱ्या रंगाचे डबे होते. शिपायाने शिडी धरली, काका चढले. मिशीवर तर त्यांनी दोनदा हात फिरवला. दुपारपर्यंत भिंत लख्ख झाली. मात्र तो नाठाळ पुन्हा येणार, असा काकांचा तर्क होता. म्हणून ते आणि शिपाई पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले.

तर्क अचूक ठरला. ऊन कलल्यावर टोपी घातलेली, नाकातोंडावर जाड मुखवटा चढवलेली एक व्यक्ती आली. क्षणभर ती भिंतीकडे पाहत राहिली, मग कमरेवर हात ठेवून तिने मान हलवली, पिशवीतून फवाऱ्याचा डबा काढला आणि भिंतीवर एक भला मोठा वाकडा बाण ओढला.

"धर!" काका गरजले.

शिपायाने पिशवी धरली, काकांनी मनगट धरले. डबे गडगडत मैदानभर पसरले. मुख्याध्यापिका पोलिसांचा नंबर शोधतच बाहेर आल्या. "दुसऱ्याची भिंत विद्रूप करताना लाज नाही वाटत?" काका म्हणाले. "आईबापांनी काही शिकवलं नाही का?"

मुखवटा खाली आला. "शिकवलं की. चौकटी आखायला."

काकांनी मनगट सोडले नाही. त्यांना ते सुचलेच नाही.

"काल बसमधून उतरले ती थेट इथे आले, बाबा. ही गिचमिड मीच काढली होती. तिचा फोटो घ्यायचा, फोनमध्ये त्यावर आपलं चित्र फिकं करून ठेवायचं. मग कळतं, माशाच्या शेपटीपाशी चित्रातल्या मुलीचं नाक येणार, मिशीपाशी कोपर. चौकटींची गरजच नाही."

"म्हणजे मी नाक पुसलं?"

"कोपरसुद्धा."

"मग काल जेवताना बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर अजून आपण जेवतच असतो!"

शिपाई तोंड फिरवून हसला. काकांनी मनगट सोडले आणि खडू खिशात टाकला. "तुझा एक दिवस वाचवायला आलो होतो," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "म्हटलं, वाचला तर घरी राहशील."

मुलीने वाकून दोन डबे उचलले, पुन्हा खाली ठेवले.

मुख्याध्यापिकांनी घसा खाकरला. "आता काम किती लांबणार, ताई?"

गिचमिड पुन्हा काढायला अर्धा तास पुरेसा होता. मुलीने भिंतीकडे पाहिले, मग बापाकडे. "भिंत ताजी रंगवलीय ना," ती सावकाश म्हणाली. "मघाशी बाण ओढला ती घाईच झाली. हा रंग नीट वाळल्याशिवाय काही करता येणार नाही. तीन दिवस तरी लागतील."

काकांनी चमकून वर पाहिले. डब्यावरच्या सूचना त्यांनी सकाळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या होत्या: चार तासांनी पुढील काम करावे. समोर कोणी तांत्रिक चूक केली आणि काकांनी ती दुरुस्त केली नाही, असे आयुष्यात कधी घडले नव्हते. त्यांनी तोंड उघडले.

"चार," ते म्हणाले. "हवा दमट आहे."

"तुम्ही जाणकार, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

शिपायाने भिंतीवर बोट टेकवले, मग अख्खा पंजा. तो उलटा करून त्याने सर्वांना दाखवला. "पण बाई, हा तर खडखडीत वाळलाय!"

"वरून," बापलेक एकदम म्हणाले.